कोल्हापूरच्या नगरकामांचा मक्ता : बलुत्यापासून ई-निविदेपर्यंत

कोल्हापूर शहराची नगरपालिका १२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. या काळात शहर वाढले, कारभाराचे कायदे बदलले, संस्थान विलीन झाले. परंतु गटार कोणी बांधायचे, रस्त्यावर खडी कोणी पसरायची, दिवाबत्तीचे सामान कोणी पुरवायचे आणि त्याचे पैसे किती दिवसांनी मिळायचे, हे प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभे राहिले. नगरसंस्थेने एखादे काम ठरलेल्या दराने व मुदतीत करून घेण्यासाठी खासगी व्यक्तीशी केलेल्या कराराला ठेका किंवा मक्ता म्हणतात, आणि तो घेणाऱ्याला ठेकेदार किंवा मक्तेदार. या मक्त्यांचा इतिहास क्रमाने पाहिला, तर स्थानिक छोट्या कारागिराला किंवा व्यावसायिकाला नगरकामात जागा मिळते की नाही, हे त्याच्या कौशल्यापेक्षा दोन गोष्टींवर अधिक ठरत आले आहे, असे दिसते : कामाचा आकार किती ठेवला जातो आणि काम झाल्यावर पैसे केव्हा हाती पडतात.

नगरपालिकेच्या आधीच्या काळात सार्वजनिक कामाची व्यवस्था दोन मार्गांनी होत असे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार आदी बलुतेदार ठरलेली कामे वंशपरंपरेने करीत आणि मोबदला म्हणून सुगीला धान्याचा वाटा म्हणजेच बलुते घेत. काहींना त्यासाठी वतनी जमीन असे. या व्यवस्थेत काम मिळण्याची शाश्वती होती, पण दर ठरवण्याचा किंवा दुसरा धंदा निवडण्याचा अधिकार कारागिराला नव्हता. दुसरा मार्ग मक्त्याचा होता. एखाद्या बाजाराची किंवा नाक्याची वसुली करण्याचा हक्क सरकार ठरावीक रकमेला सावकाराला किंवा व्यापाऱ्याला देई. तो ती रक्कम सरकारात भरून पुढे वसुलीतून नफा काढी. या पद्धतीत आधी पैसा ओतण्याची ताकद असलेलाच पुढे येऊ शकत असे. पुढे नगरपालिकेने पैसे देऊन कामे करून घ्यायला सुरुवात केली, तरी आधी पैसा गुंतवण्याची ही अट गेली नाही, आणि छोट्या माणसाची खरी अडचण आजही तीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात मोठ्या सार्वजनिक बांधकामांचे पर्व सुरू झाले. चार्ल्स मँट या अभियंत्याने आराखडा केलेला टाउन हॉल आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा ही त्यातील ठळक कामे. कळंबा तलावातून शहराला पाणी आणण्याची योजनाही त्याच सुमारास आकाराला आली, आणि १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. काळ्या दगडातील ही बांधकामे पाथरवट, गवंडी, सुतार आणि दगड फोडण्यात व मातीकामात पिढ्यान्पिढ्या तरबेज असलेला वडार समाज यांच्या हातांखेरीज उभी राहणे शक्य नव्हते. मात्र नाव, आराखडा आणि हिशेब अभियंत्याच्या खात्याकडे राहिले, आणि कारागीर मजुरीवर किंवा मापावर काम करणारा, म्हणजे जेवढे ब्रास दगड फोडले किंवा जेवढे घनफूट माती हलवली तेवढेच पैसे घेणारा, असाच राहिला. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने याच वळणाची कागदोपत्री शिस्त घडवली. आधी अंदाजपत्रक, मग दरांची मागणी, मग करार, मग मोजमाप पुस्तकातील नोंद आणि शेवटी देयक, हा क्रम त्या शिस्तीतून आला. महाराष्ट्रात आजही रूढ असलेले ‘बी-१’ आणि ‘बी-२’ हे करारनामे त्याच परंपरेतले आहेत : पहिल्यात मक्तेदार अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करील ते लिहितो, दुसऱ्यात प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्रपणे भरतो.

राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतल्यानंतर स्थानिक व्यवसायाकडे पाहण्याची राज्याची दृष्टी बदलली. १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी झाली, आणि १९०७ मध्ये राधानगरी येथे भोगावती नदीवरील धरणाचे काम हाती घेण्यात आले. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या गेल्या, हे सर्वज्ञात आहे. पण व्यवसायाच्या इतिहासात १९१८ हे वर्षही तितकेच महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण त्या वर्षी महार वतने रद्द झाली आणि बलुतेदारीचे बंधन सुटून कोणीही कोणताही धंदा करण्यास मोकळा झाला. कायद्याने मोकळीक मिळाली, तरी गिऱ्हाईक मिळेलच असे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हे चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. हा प्रसंग सामाजिक समतेचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यात सार्वजनिक खरेदीचे एक तत्त्वही आहे. सत्ता स्वतः गिऱ्हाईक झाली, तर ज्याला बाजार उभे करीत नाही त्याला बाजारात उभे राहता येते, आणि एकदा उभा राहिलेला माणूस पुढे स्वतःच्या पायावर चालू शकतो.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आगेमागे शहरात शिवाजी उद्यमनगर ही छोट्या यंत्रशाळांची वसाहत आकाराला येत होती. तेल इंजिनांची दुरुस्ती करता करता स्वतः इंजिन बनवू लागलेले मिस्त्री, उसाचे चरक आणि शेतीची अवजारे घडवणारे लोहार, बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे सुटे भाग ओतणारे फाउंड्रीवाले अशी स्वयंशिक्षित कारागिरांची एक पिढी तेथे तयार झाली. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींमुळे हा पसारा वाढला, आणि आज कोल्हापूर परिसर सुमारे ३०० फाउंड्रींचा पट्टा म्हणून देशभर ओळखला जातो. पाणीपुरवठ्याला लागणाऱ्या झडपा, चेंबरची झाकणे, पंपांचे भाग या साऱ्या वस्तू कोणत्याही नगरपालिकेला सतत लागतात आणि त्या बनवण्याचे हुन्नर या परिसरात आहे. तरीही या उद्योगाची भरभराट शेती, साखर कारखाने आणि नंतर वाहन उद्योग यांच्या मागणीवर झाली. राज्य सरकारने १९६२ मध्ये महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन केले आणि ठरावीक वस्तूंची सरकारी खरेदी छोट्या कारखान्यांकडून त्यामार्फत होत राहिली, ही त्या काळातील एक मोठी सोय होती. १ डिसेंबर २०१६ च्या नव्या खरेदी धोरणानंतर ती जुनी चौकट मागे पडली आणि ‘जेम’ या केंद्रीय ऑनलाइन बाजारावर नोंदणी करणे पुरवठादारासाठी महत्त्वाचे झाले.

बांधकामाच्या मक्त्यांत छोट्या माणसाला वाट करून देण्यासाठी महाराष्ट्राने सहकाराचा आधार घेतला. मजूर सहकारी संस्था म्हणजे अंगमेहनत करणाऱ्या कामगारांनी एकत्र येऊन नोंदवलेली संस्था, जी स्वतःच मक्ता घेते आणि मधल्या ठेकेदाराचा नफा सभासदांत राहू देते. पुढे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा वर्गही यात आला, आणि सार्वजनिक बांधकाम खाते व जिल्हा परिषदांच्या ठरावीक मर्यादेतील कामांचे वाटप मजूर संस्थांना ३३ टक्के, बेरोजगार अभियंत्यांना ३३ टक्के आणि खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना ३४ टक्के या प्रमाणात करण्याचे धोरण रूढ झाले. कित्येक ठिकाणी मजूर संस्था नावापुरती राहून तिच्या आडून एकच ठेकेदार कामे घेतो, ही तक्रार जुनी आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. परंतु त्यामुळे धोरणाचे मूळ तत्त्व खोटे ठरत नाही, कारण पदविका घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला पूर्वानुभवाच्या अटीशिवाय पहिले काम मिळण्याचा दुसरा सरळ रस्ता व्यवस्थेत फारसा नव्हता.

महानगरपालिका झाल्यावर कोल्हापूरला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा कायदा लागू झाला, ज्याला आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. या कायद्याच्या कलम ७३ नुसार पालिकेच्या वतीने करार करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण ठरावीक रकमेच्या वरच्या करारासाठी स्थायी समितीची मंजुरी लागते. स्थायी समिती म्हणजे नगरसेवकांमधून निवडलेली १६ जणांची समिती, जिचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. ठरावीक मर्यादेवरील कामासाठी स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा, म्हणजे इच्छुकांकडून मोहोरबंद दरपत्रके, मागवण्याचे बंधनही कायद्याच्या अनुसूचीत आहे. आपत्तीच्या प्रसंगी मात्र कलम ६७ (३) (क) नुसार आयुक्तांना तातडीने काम करून घेता येते, आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात अशा तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासकांची राजवट आली, तेव्हा स्थायी समितीचे हे अधिकारही एका अधिकाऱ्याच्या हाती एकवटले आणि मक्त्यांची उघड चर्चा होण्याचे एक व्यासपीठ दीर्घकाळ बंद राहिले.

निविदेच्या अटी सर्वांना सारख्या लागू झाल्या पाहिजेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात पक्के केले, आणि तो वाद मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या मक्त्याचा होता. निविदेत अनुभवाची अट घालून नंतर ती अट पूर्ण न करणाऱ्याला काम दिले गेले होते. सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःलाही बांधील असते, कारण अट पाहून जे आलेच नाहीत त्यांच्यावर अन्यथा अन्याय होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. छोट्या व्यावसायिकासाठी हा निकाल आधार आहे. पण अट सर्वांना सारखी असली तरी ती कोणाच्या आवाक्यातली आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ही गोष्ट एका साध्या कामाच्या हिशेबातून स्पष्ट होते. एखाद्या प्रभागात १० लाख रुपयांचे गटार बांधायचे आहे आणि एका व्यक्तीच्या नावावर असलेल्या छोट्या फर्मने ते घेतले आहे, असे धरले, तर निविदा भरतानाच साधारण एक टक्का, म्हणजे १०,००० रुपये बयाणा भरावा लागतो. काम मिळवण्यासाठी दर फारच ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला, तर अतिरिक्त अनामत द्यावी लागते. वर्क ऑर्डर म्हणजे कार्यादेश मिळाल्यावर सिमेंट, खडी आणि वाळू रोखीने किंवा उधारीने आणायची, गवंडी व बिगाऱ्यांचा पगार आठवड्याला द्यायचा, आणि काम संपल्यावर कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप पुस्तकात नोंद करून, वरिष्ठांनी तपासून, देयक लेखा विभागात जाईपर्यंत थांबायचे. देयक निघताना आयकर एक टक्का, वस्तू व सेवा कराची कपात दोन टक्के आणि बांधकाम कामगार कल्याण उपकर एक टक्का असे सुमारे ४०,००० रुपये वळते होतात; सुरक्षा अनामत पाच टक्के धरली, तर आणखी ५०,००० रुपये दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, संपेपर्यंत पालिकेकडे राहतात. दरसूचीत मक्तेदाराचा नफा दहा टक्क्यांच्या आसपास धरलेला असतो, म्हणजे या कामातील जवळपास सगळा नफा देयक निघतानाच अडकून पडतो. कपात झालेला कर पुढे हिशेबात धरता येतो आणि अनामत परत मिळते, हे खरे. पण तोवर बिल सहा महिने लांबले, तर सावकाराचे किंवा पतसंस्थेचे व्याज उरलेला नफाही खाऊन टाकते. मोठी कंपनी ही दिरंगाई सोसू शकते, तर छोटा मक्तेदार एका अडकलेल्या बिलापायी पुढच्या निविदेतून बाद होतो.

पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीचाही यात मोठा वाटा आहे. शहरात येणाऱ्या मालावरील जकात हे महाराष्ट्रातील नगरसंस्थांचे रोज हाती येणारे रोख उत्पन्न होते. मुंबईबाहेरील महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि विशेष निधीवर अधिकाधिक अवलंबून राहू लागल्या. निधी वरून येतो तेव्हा काम मंजूर होण्याची तारीख आणि पैसे प्रत्यक्ष जमा होण्याची तारीख यांत अंतर पडते, आणि ते अंतर साखळीच्या शेवटी असलेल्या मक्तेदाराच्या खिशातून भरून निघते.

कामाच्या आकाराचा प्रश्न कोल्हापूरने सर्वांत तीव्रतेने अनुभवला तो एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, म्हणजे कंपनीने स्वतःच्या भांडवलातून रस्ते बांधायचे आणि ३० वर्षे पथकर घेऊन खर्च वसूल करायचा, अशा कराराने एकाच मोठ्या कंपनीकडे देण्यात आले. एरवी असे रस्ते प्रभागाप्रभागाने, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मक्तेदारांकडून झाले असते. येथे ते एका गठ्ठ्यात बांधले गेल्यामुळे स्थानिक मक्तेदाराला फार तर पोटठेकेदार, म्हणजे मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली त्याने ठरवलेल्या दराने काम करणारा, एवढीच जागा उरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली आणि तिच्याविरुद्धचे आंदोलन शिगेला पोहोचले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समितीने लढा चालवला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द झाल्याचे जाहीर केले. हे आंदोलन शहराच्या रस्त्यांवर शहरवासीयांनीच पैसे मोजण्याविरुद्ध होते. परंतु मक्त्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक धडा मिळतो. गठ्ठा जितका मोठा, तितकी करारावर नागरिकांची आणि नगरसेवकांची नजर कमी पुरते, आणि तो मोडायची वेळ आली तर भरपाईचा बोजाही तितकाच मोठा असतो.

याचा अर्थ प्रत्येक काम तुकड्यांत करावे असा होत नाही. काळम्मावाडी धरणातून शहरात पाणी आणणारी थेट पाइपलाइन, जिचे पाणी अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२३ मध्ये शहरात पोहोचले, ती एकसंध यंत्रणा आहे. अशा कामाला मोठा ठेकेदार लागणारच. दुसरीकडे, निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच कामाचे कागदोपत्री तुकडे पाडून ती मर्जीतल्या माणसांना वाटणे, हा नियमभंग आहे आणि त्याने स्थानिक व्यवसायाचे भले होत नाही. या दोन टोकांच्या मधला मार्ग असा, की जी कामे स्वभावतःच सुटी आहेत, जसे प्रभागातील गटारे, पेव्हिंग ब्लॉक, शाळांची दुरुस्ती, उद्यानांची निगा, त्यांचे गट लहान ठेवावेत आणि प्रत्येक गटाची खुली निविदा काढावी. पुण्यात कचरावेचकांनी २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदवली आणि पुढच्या वर्षी महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम घेतले. शहरभर पसरलेले कामही घराघरांत विभागलेले असल्यामुळे, ज्यांच्याकडे भांडवल नव्हते पण श्रम आणि अनुभव होता, त्यांना ते पेलता आले.

निविदा संगणकावर आल्यापासून प्रक्रियेत एक मोठी सुधारणा झाली आहे. पूर्वी कोरी निविदा विकत घेण्यासाठी कार्यालयात जावे लागे, कोणी कोणी घेतली हे बाहेर कळत असे, आणि त्यातून इच्छुकांनी आपसांत दर ठरवण्याची ‘रिंग’ होण्याला वाव मिळे. राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे डिजिटल स्वाक्षरीने भरले जातात. पहिल्या लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. नव्याने येणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला त्यामुळे कोणाच्या ओळखीशिवाय कोल्हापुरात बसून निविदा पाहता येते. पण पात्रतेच्या अटीत मागील तीन वर्षांची मोठी उलाढाल किंवा तशाच कामाचा पूर्वानुभव मागितला, तर पहिल्या लिफाफ्यातच त्याची वाट संपते. केंद्र सरकारने २०१२ च्या आदेशाने आपल्या खात्यांना व कंपन्यांना ठरावीक खरेदी, आज २५ टक्के, सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्यास सांगितले आहे आणि त्यांना बयाण्यातून सूट दिली आहे. महापालिकांना हा आदेश थेट लागू नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देण्याचे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन घातले. परंतु बांधकामाचा मक्ता या संरक्षणाखाली येतो की नाही, याविषयी न्यायालयांत मतभिन्नता राहिली आहे.

कोल्हापूरपुढे ‘स्थानिक’ कोण हाही एक वेगळा प्रश्न आहे. महानगरपालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर असून हद्दवाढीची मागणी दशकानुदशके लोंबकळत राहिली. त्यामुळे ज्या शिरोली आणि गोकुळ शिरगावमध्ये शहराच्या कारागिरीचा मोठा भाग स्थलांतरित झाला, त्या वसाहती पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. एकट्या शहरवासीयांसाठी मक्ते राखून ठेवणे घटनेतील समान संधीच्या तत्त्वातही बसणार नाही. म्हणून छोट्यांना जागा द्यायची असेल, तर ती पत्त्यावरून न देता कामाच्या आकारावरून, बयाण्याच्या प्रमाणावरून आणि पैसे देण्याच्या शिस्तीवरून देणे, हाच टिकाऊ उपाय ठरतो. त्याचा लाभ जवळ असलेल्याला आपोआप अधिक होतो, कारण लहान कामासाठी दूरवरून यंत्रे आणि माणसे आणणे कोणालाच परवडत नाही.

व्यवसायाच्या बाजूनेही तयारी लागतेच. नोंदणी, पॅन, वस्तू व सेवा कर क्रमांक, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची खाती, १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी आणि झालेल्या प्रत्येक कामाचा पूर्णत्वाचा दाखला जपून ठेवणे, या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी पुढच्या निविदेचे भांडवल त्याच आहेत. लहान दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात करून दाखल्यामागून दाखला जमवत वरच्या वर्गात नोंदणी मिळवणे, हाच मिस्त्रीचा मक्तेदार होण्याचा मार्ग आहे. मात्र हा मार्ग चालण्याजोगा ठेवण्याची जबाबदारी पालिकेची आहे. मोजमापाची तारीख, देयक दाखल झाल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख प्रत्येक कामापुढे जाहीर झाली आणि देयके आलेल्या क्रमानेच निघाली, तर कोणत्याही राखीव टक्केवारीपेक्षा छोट्या मक्तेदाराला त्याचा अधिक आधार वाटेल. ज्या शहराने १९१८ मध्ये कोणालाही कोणताही धंदा करण्याची मोकळीक मिळवली, त्या शहराच्या नगरसंस्थेने त्या मोकळिकीला वेळेवर दिलेल्या पैशाची जोड द्यावी, एवढी अपेक्षा या दीर्घ इतिहासाच्या आधारे निश्चितच करता येते.